जकात गेली, टोल गेला, आता सिग्नल जुळवा

मुलुंड चेकनाक्यावर पूर्वी जकातीसाठी ट्रकची रांग लागायची. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यात एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गावरचा हा नाकाही आला. म्हणजे आपल्या याच जुन्या आग्रा रोडवर मुंबई आणि ठाण्यामध्ये आता हलक्या वाहनांना अडवणारं काही नाही. तरीही संध्याकाळी चेकनाक्यापासून तीन हात नाक्यापर्यंत जाताना जीव मेटाकुटीला येतो.

रिक्षावाले इंजिन बंद करून आडव्या रस्त्याच्या सिग्नलचे सेकंद मोजत बसतात. तिकडे तीन-चार उरले की इकडे सगळ्यांची इंजिनं सुरू. सिग्नल सुटतो, अख्खा लोंढा पुढे धावतो आणि पुढच्या चौकात पुन्हा लाल! खच्चून भरलेल्या टीएमटीत (ठाणे पालिकेच्या बसमध्ये) उभ्या असलेल्या बायकांचे हाल बघवत नाहीत.

हे टाळता येतं, आणि गणित शाळेतलं आहे. दोन सिग्नलमध्ये 600 मीटर अंतर धरा. ताशी 36 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 10 मीटर जाते, म्हणजे पुढचा सिग्नल 60 सेकंदांनी हिरवा व्हायला हवा. मात्र दोन्हींचं चक्र, म्हणजे एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ, सारखं पाहिजे. एकाचं 120 सेकंदांचं आणि दुसऱ्याचं 90 चं असेल, तर मेळ 6 मिनिटांतून एकदाच बसणार. घड्याळंही एकच वेळ दाखवणारी हवीत. सिग्नल चालवणाऱ्या यंत्राचं, म्हणजे कंट्रोलरचं, घड्याळ हळूहळू सरकतं, पण जीपीएसवरून वेळ घेतली की तो प्रश्न मिटतो.

मग वागळे इस्टेटकडून आडव्या रस्त्याने येणाऱ्यांनी आणि पायी रस्ता ओलांडणाऱ्यांनी ताटकळत राहायचं का? मुळीच नाही. मोठ्या चौकाला 160 सेकंदांचं चक्र लागत असेल तर लहान चौकाला 80 चं द्या, मेळ तरीही बसतो. पायी चालणाऱ्यांचे सेकंद कापून गाड्यांना देणार असाल, तर माझा विरोधच राहील.

अडचण आहे ती हद्दीची. दोन महापालिका, दोन पोलीस आयुक्तालयं. प्रत्येक जण आपल्या चौकापुरता विचार करतो आणि रस्ता अख्खा असा कुणाच्याच टेबलावर येत नाही. शेजारचे रूळ बघा. 1853 पासून तिथून गाडी धावतेय, हद्द बदलली म्हणून लोकलचा सिग्नल वेगळ्या हिशोबाने चालत नाही.

एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, क्षेत्रात दोन्ही शहरं येतात. तिने दोन्हीकडच्या अभियंत्यांना आणि वाहतूक पोलिसांना एकत्र बसवावं आणि एका कागदावर त्यांच्या सह्या घ्याव्यात: गर्दीच्या वेळचं चक्र किती, बदलायचा अधिकार कुणाला, गणपतीत हवालदार हाताने सिग्नल चालवतील तेव्हा पलीकडे कुणाला फोन करायचा. दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना मी हेच लिहून पाठवतोय. या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांनी आपापल्या नगरसेवकाला पाठवा.