गालाचं माप

माझा उजवा गाल सध्या निळा आहे. पहिली बंदूक निवडायला गेलो होतो, एवढंच. उडत्या तबकड्या फोडायच्या. कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. क्ले पिजन म्हणतात त्यांना. त्यात पिजन नसतो हे माहीत होतं, क्लेही नसते हे तिथे कळलं. चुनखडीची पूड आणि डांबराचा भाऊ शोभेल असा पिच. असो.

महिनाभर अभ्यास केला होता. नळीचं भोक बारा बोअर की वीस, लांबी २८ इंची की ३०, चोक म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं. मैदानावर एक ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक, खांद्याला लावतो न लावतो तोच मागून आवाज आला, "गाल का फुगवलाय?"

"फुगवलेला नाही. तसाच आहे."

हे गृहस्थ विक्रेते नव्हते, प्रशिक्षकही नव्हते. स्वतःच्या पाळीची वाट बघत होते आणि वेळ घालवायला त्यांना मी सापडलो. माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. "हात लांब, मान आखूड, गाल भरलेला. दस्ता, म्हणजे हे खांद्या-गालाला टेकणारं लाकूड, लांब हवा आणि वरून तासायला हवा." शिंपीसुद्धा पोटाचं माप हळू आवाजात सांगतो हो!

"डोळे मिटा. बंदूक लावा. आता उघडा. काय दिसतं?"

"बंदूक."

"तेच चुकतंय! नळीवरची पट्टी सरळ दिसायला हवी."

मग दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये भोक ठेवायला लावलं आणि त्यातून त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं. तसं बघण्याजोगं नाक नव्हतं. डावा डोळा मिटला तर ते गायब झालं.

"तुमच्या घरात डाव्या डोळ्याचं चालतं," त्यांनी निकाल दिला. म्हणजे जन्मभर उजव्या हाताने सह्या मी ठोकतोय आणि कारभार भलताच कुणी बघतोय. मी हे पचवतोय तोवर त्यांनी खिशातून चिकटपट्टी काढली, तुकडा तोडला आणि माझ्या चश्म्याच्या डाव्या काचेवर लावून टाकला. विचारलं? छे.

बंदूक अंगाला बसायला हवी, हे जो तो सांगतो. मांडणीवरची प्रत्येक बंदूक मात्र कुठल्याशा सरासरी माणसासाठी घडवलेली असते. तो मला अजून भेटलेला नाही. हलकी बंदूक हातात गोड वाटते आणि खांद्याला लाथ मारते. जड बंदूक लाथ कमी मारते, पण पंचवीस काडतुसांनंतर दंड लोंबायला लागतात. यावर व्याख्यान द्यायला दहा जण तयार. "ही घ्या माझी, पाच काडतुसं उडवून बघा," म्हणणारा एकही नाही. त्या गृहस्थांचीही पिशवीतच होती.

चिकटपट्टीआधी माझ्या पंचवीसपैकी दोन फुटल्या होत्या. पट्टीनंतर सात. याचा राग जास्त आहे. त्यांनी स्वतः चोवीस फोडल्या आणि पंचविसावीबद्दल वाऱ्याला बोल लावत निघून गेले.

बंदूक घेतलेली नाही. पट्टी काढली, पण तिचा डिंक गेला नाही. काच तीनदा साबणाने धुतली, खोबरेल तेलही चोळून झालं. आता त्या डोळ्याला सगळं तुपकट दिसतं, आणि घरात त्याचंच चालतं.