कोर्स इंग्रजीत असतो, गाव जर्मनच बोलतं

मे महिना आला की इनबॉक्समध्ये तोच प्रश्न. "ताई, जर्मनीचा अ‍ॅडमिट आलाय. कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे, म्हणजे जर्मन नाही आलं तरी चालेल ना?"

नाही चालत. आज जरा सविस्तर लिहिते.

मला २०२३ साली पुण्यातल्या एका कन्सल्टन्टने छातीठोकपणे सांगितलं होतं, "जर्मन काय, तिकडे गेलीस की आपोआप येईल." एपीएस सर्टिफिकेट (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला), व्हिसाची अपॉइंटमेंट, ब्लॉक्ड अकाउंटमधले (राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्यातले) तेव्हाचे ११,२०८ युरो, यातच महिने गेले. त्या युरोंसाठी बाबांनी कर्ज काढलं. एवढ्या सगळ्यात भाषेच्या क्लासला पैसे आणि वेळ तेवढे द्यायचे राहिले.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, शनिवारी रात्री माग्डेबुर्ग या पूर्व जर्मनीतल्या शहरात उतरले. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद. आईने दिलेल्या दशम्यांवर दिवस निघाला. त्याचं काही नाही. मला खरं अडवलं ते टपालाने.

इथे राहायला आलात की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. मग टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं पाकिटातून घरी येतं. आता आपल्याकडे पोस्टमन चार घरी विचारून माणूस शोधतो. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पत्रपेटीवर आडनाव असेल तर पत्र पडतं, नाहीतर परत जातं. मी दोन तेलुगू मुलींबरोबर राहत होते, पेटीवर त्यांचीच नावं होती. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी रिकामी पेटी उघडत होते. विद्यापीठातलं पार्टटाइम काम मिळालं होतं, पण टॅक्स नंबरावाचून त्याचं पुढे सरकेना.

तळमजल्यावर एक आजी राहायच्या. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि काहीतरी सांगू लागल्या. मला शब्द कळेना. त्या पुन्हा सावकाश बोलल्या. शेवटी माझा हात धरून मला पेट्यांपाशी घेऊन गेल्या, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ईअर नामं फेल्ट." तुझं नाव नाहीये. मग घरातून पांढरी चिकटपट्टी आणि पेन घेऊन आल्या. मी आडनाव लिहिलं, त्यांनी अंगठ्याने पट्टी नीट दाबून बसवली. मला रडूच आलं. ती तीन शब्दांची ओळ ए-वनच्या, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीच्या वर्गात पोरं पहिल्या महिन्यात वाचतात. मला ती कळायला हात धरून न्यावं लागलं.

वर्गात अडत नाही हो, प्राध्यापक इंग्रजीत शिकवतात. अडतं ते डॉक्टरच्या रिसेप्शनवर, भाडेकरारावर सही करताना, महापालिकेच्या खिडकीवर. आणि नोकरीत तर फारच. जर्मन येत नसेल तर बऱ्याच मुलांना गोदामात रात्री पार्सलं उचलावी लागतात. कष्टाच्या कामात कमीपणा नाही, पण सकाळी आठच्या लेक्चरला ती मुलं डोळे उघडे ठेवू शकत नाहीत, हे मी शेजारच्या बाकावरून पाहिलंय. शिवाय भाषा येत नाही म्हणून आपण आपल्याच माणसांत राहतो आणि आपल्यात राहतो म्हणून भाषा येत नाही. दोन वर्षं राहून बेकरीत नुसतं बोट दाखवून पाव घेणारी मुलं इथे आहेत. मला त्यांच्यासाठी वाईट वाटतं, राग नाही येत. त्यांना कुणी वेळेवर सांगितलंच नाही.

आईवडिलांनाही सांगते. बॅगेत कुकर, मसाले, जॅकेट सगळं भराल. त्याआधी पोराला क्लासला घाला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्स म्युलर भवन आहे. गावात सोय नसेल तर ऑनलाइन शिका. "इथे आल्यावर शिकेन" म्हणू नका. सेमिस्टर सुरू झालं की असाइनमेंटमधून डोकं वर निघत नाही.

ऑक्टोबरला येणार असाल तर हातात अजून चार महिने आहेत, रोज दीड तास दिलात तर ए-वन नक्की होतं. आणि माग्डेबुर्गला येणार असाल तर मेसेज करा. आनमेल्डुंगला मी बरोबर येईन. चिकटपट्टी माझ्याकडे आहे.