सत्यनारायणाला पोलीस येत नाहीत, काका

आषाढ जवळ आला की नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘जादूटोणाविरोधी कायद्याने वारी, कीर्तन, सत्यनारायण गुन्हा ठरलाय. कायदा फक्त हिंदूंना. दाभोलकरांच्या खुनानंतर घाईत लादला.’ यंदा तो खालच्या मजल्यावरच्या काकांनी टाकलाय. विधिमंडळाच्या बातम्या करण्यात माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून गप्प बसवत नाही.

‘गुन्हा ठरलाय’? काका, कायदा उघडून तरी बघा. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही, असं त्यात नावं घेऊन लिहिलंय. घरातले, देवळातले, दर्ग्यातले विधी अंगाला इजा करत नसतील तर तेही मोकळे. उपास, नवस, कडकलक्ष्मी, नंदीबैलवाला, सगळे बाहेर. वास्तुशास्त्राचा सल्लासुद्धा! ते वाचून मी चरफडलो होतो, पण ते असो.

मग आत काय? अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, 12 गोष्टी. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, नरबळी, एखादीवर करणीचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं. आणि साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं. शहापूर-मुरबाडच्या शेतात पावसाळ्यात चिखल तुडवणाऱ्याला हे एक कलम किती मोलाचं, ते आपल्याला तिसऱ्या मजल्यावरून दिसत नाही. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, गुन्हा अजामीनपात्र.

‘फक्त हिंदूंना’ म्हणाल तर गुन्हे ठरवताना कायद्यात कुठल्याच धर्माचं नाव घेतलेलं नाही. नांदेडला सुरुवातीलाच गुन्हा नोंदला गेला, त्यातले आरोपी मुस्लिम होते. ठाणे-वाशी लोकलमध्ये ‘बाबा बंगाली’ची स्टिकरं चिकटवणारेही यात येऊ शकतात, कारण असल्या गोष्टींचा प्रचारही गुन्हाच आहे. तरी स्टिकरं अजून जागच्या जागीच. तक्रार करायचीच तर अंमलबजावणीची करा.

राहिली ‘घाई’. ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक आणि अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला झाला आणि चार दिवसांत अध्यादेश निघाला, हे खरं. पण दाभोलकरांचा मसुदा 2003 चा. 2005 मध्ये विधेयक विधानसभेत आलं, पुढे अडकलं. वारकऱ्यांनी आक्षेप घेतले, मसुदा पुन्हा पुन्हा बदलला. कायदा मंजूर झाला डिसेंबर 2013 मध्ये. दहा वर्षांना घाई म्हणत असाल काका, तर आपल्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचीही घाईच चाललीय.