रेकॉर्डरला थेट हार्ड डिस्क जोडण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

कीर्तने, व्याख्याने, मैफिली किंवा घरातल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला आत्मविश्वासाने दिला जातो: रेकॉर्डरला यूएसबी पोर्ट असतोच, तेव्हा ओटीजी केबलने (फोनला पेन ड्राइव्ह वगैरे जोडण्याच्या केबलने) बाह्य हार्ड डिस्क जोडावी, ती रेकॉर्डरमधल्या एसडी कार्डापेक्षा वेगवान असते, तिच्यात जागा संपत नाही आणि मुद्रण अधिक सुरक्षित राहते. पुन्हा न घडणारे प्रसंग ज्यांना टिपायचे आहेत त्यांचे या सल्ल्याने खरे नुकसान होते, म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासायला हवे.

पहिले विधान पोर्टाचे. यूएसबी जोडणीत एक बाजू होस्ट असते, म्हणजे ती वीज पुरवते आणि व्यवहार चालवते. दुसरी बाजू तिच्या आज्ञेत राहते. झूम एच५ सारखा रेकॉर्डर संगणकाला जोडला की तो कार्ड रीडर किंवा ऑडिओ इंटरफेस म्हणून वागतो, म्हणजेच तो आज्ञेत राहणारा असतो. हार्ड डिस्कही तशीच असते, त्यामुळे दोघांना एकमेकांशी जोडले तर होस्ट कोणीच उरत नाही. केबल बदलून हे साधत नाही, कारण होस्ट होण्याची क्षमता यंत्रातच असावी लागते. एका गावच्या सप्ताहात माझ्या परिचितांनी हा प्रयोग केला. डिस्कचा दिवा काही लागला नाही आणि केबलशी झटापट करण्यात कीर्तनातला सुरुवातीचा गजर व निरूपणाचा अभंग हातचा गेला.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. साउंड डिव्हायसेसच्या ७४४टी या व्यावसायिक रेकॉर्डरला बाह्य फायरवायर (यूएसबीसारखीच एक जुनी जोडणी) ड्राइव्ह जोडता येत असे, आणि त्याच कंपनीच्या मिक्सप्री मालिकेत पेन ड्राइव्हवर आपोआप प्रत उतरवण्याची सोय आहे. मात्र मिक्सप्रीतही मूळ मुद्रण एसडी कार्डावरच होते. ज्यांनी ही सोय मुद्दाम घडवली त्यांनीही ड्राइव्हला प्रतीचेच काम दिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

वेगाचा मुद्दा साध्या गुणाकाराने निकालात निघतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ मुद्रणाला सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे ०.३ एमबीहूनही कमी लागतात. क्लास १० कार्ड किमान १० एमबी प्रतिसेकंद लिहिण्याची हमी देते.

जागेचेही तसेच आहे. याच दर्जाचे एक तासाचे मुद्रण सुमारे १.०४ जीबी होते, म्हणून ३२ जीबीच्या कार्डात जवळजवळ तीस तास मावतात. मोठ्या कार्यक्रमाची फाइल मध्येच तुटलेली दिसते तेव्हा जागा संपली असा समज होतो. प्रत्यक्षात फॅट३२ या, कार्डावर किंवा डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच वाढू शकते, त्यामुळे रेकॉर्डर ती मर्यादा येण्याआधी पुढची फाइल सुरू करतो. फॅट३२ मधली डिस्क कितीही मोठी असली तरी ही मर्यादा तशीच राहते.

सुरक्षिततेचे विधान मला सर्वांत घातक वाटते. यूएसबी २.० पोर्टातून जोडलेले उपकरण ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत, म्हणजे अडीच वॅट वीज घेऊ शकते. २००० मिलिअँपिअर-तासांच्या दोन डबल-ए रिचार्जेबल सेलांत सुमारे ४.८ वॅट-तास साठा असतो, म्हणजे रेकॉर्डरने स्वतः काहीच वापरले नाही असे धरले तरी एवढ्या भाराखाली सेल दोन तासही पुरणार नाहीत. त्यात वेव्ह फाइलची (रेकॉर्डर ज्या प्रकारच्या फाइलीत आवाज साठवतो तिची) लांबी सांगणारी नोंद सहसा मुद्रण थांबवताना पूर्ण होते. मध्येच वीज गेली किंवा गर्दीत केबलला धक्का लागला तर आवाज लिहिला गेलेला असूनही फाइल उघडत नाही, असे घडू शकते. खाचेत बसलेल्या कार्डाला केबलच नसते. शिवाय फिरत्या तबकडीच्या डिस्कची घरघर आणि तिचा कंप टेबलावरून थेट मायक्रोफोनपर्यंत पोहोचतो.

बाह्य ड्राइव्ह वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. तिचे काम मुद्रण संपल्यावर सुरू होते. त्याच संध्याकाळी कार्ड लॅपटॉपला लावावे, फाइली न हलवता त्यांची प्रत दोन वेगळ्या ड्राइव्हवर करावी आणि फाइलींचे आकार मूळ फाइलींशी ताडून पाहावेत. कार्ड रिकामे करायचे ते रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करून, आणि तेही दोन्ही प्रती उघडून सुरुवात, मध्य व शेवट कानांनी ऐकल्यानंतर.