कुंपणावरून आत

नागपूरहून काकाजींचा फोन आला की तिसऱ्या मिनिटाला गाडी ठरलेल्या वळणावर येते. ‘या देशाले एक खमक्या माणूस पायजे. आणीबाणीत रेल्वे कशा टायमावर धावत होत्या!’ दुसरं लाडकं मत म्हणजे नागपूरचं हिवाळी अधिवेशन बंद करा. मंत्री येतात, हुरडा खातात, निघून जातात. सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड लागतात अन् आम्ही अडकतो.

अधिवेशनाच्या बाबतीत मीही आधी ‘हौ’च म्हणायचो. ३ डिसेंबर २०२४ नंतर नाही म्हणत.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी टीव्हीवर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, जाहीर केला. पाठोपाठ फर्मान निघालं: राजकीय हालचाली बंद, संसदेचं कामही बंद. मी सोलमध्ये खोलीत फोन हातात धरून बसलेलो. हेलिकॉप्टरमधून सैनिक संसदेच्या आवारात उतरत होते. पोलिसांनी फाटकं अडवली, तेव्हा ६७ वर्षांचे सभापती कुंपण चढून आत गेले. कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबलं रचून दारं रोखली, बाहेर लोक सैनिकांना आडवे झाले. रात्री एकच्या सुमारास ३०० पैकी १९० खासदार सभागृहात होते. १९० मतं मार्शल लॉ उठवण्याच्या बाजूनं पडली, त्यांत युन यांच्या स्वतःच्या पक्षातलेही काही. इथल्या संविधानात संसदेनं बहुमतानं मागणी केली की मार्शल लॉ उठवावाच लागतो. पहाटे उठला. सकाळी मेट्रो टायमावर होती, काकाजी!

कोरिया काही स्वर्ग नाही. पार्क चुंग-हींची हुकूमशाही आठवून उसासे टाकणारे आजोबा इथंही भेटतात. पण १९८० च्या मे महिन्यात ग्वांगजूत लष्करानं आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या, ते विसरलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

आपल्याकडे २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीवर सही झाली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. संसदेनं जुलैत मंजुरी दिली, तोवर विरोधी नेते तुरुंगात. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी मागितलं तर आणीबाणी नामंजूर करायला खास बैठकही घ्यावी लागते, चौदा दिवसांत. चौदा दिवस! सोलला तीन तासही लागले नाहीत.

म्हणून म्हणतो, अधिवेशन बंद कशाला, लांबवा. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात, हे विदर्भाला मराठी राज्यात आणताना झालेल्या १९५३ च्या नागपूर करारातलं आहे. ते काही हुरड्यासाठी मागितलं नव्हतं. आमदार सभागृहात बसायचेच विसरले, तर वेळ आल्यावर कुंपण कोण चढणार?

हे काकाजींना सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आमदाराचं सोड बे. आपले मोर्चे तर टेकडी रोडवरच अडवतात.’