अर्थ मिळत नाही

"साहेब, तुमच्या या सगळ्यात अर्थच नाही," मिस्त्री म्हणाले.

त्या वेळी मी आमच्या फियाटमध्ये उलटा होतो. डोकं क्लच आणि ब्रेकच्या मधे, पाठ रबरी मॅटवर, पाय पुढच्या सीटच्या पाठीवर टांगलेले आणि तोंडात टॉर्च. अशा अवस्थेतल्या माणसाला असलं काही ऐकवू नये. तीन रविवार, दोन नखं आणि घरातलं चहाचं एक पातेलं खर्ची पडल्यावर ती शंका मला स्वतःलाही यायला लागली होती. पण मिस्त्रींना माझ्या आयुष्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या हातात टेस्ट लॅम्प होता आणि तो पेटत नव्हता. त्यांना म्हणायचं होतं, अर्थिंग नाही.

गाडी अण्णांची. १९८४ची प्रीमियर पद्मिनी. पण घरात तिला 'पद्मिनी' कोणी म्हणत नाही. मूळची इटलीची फियाट ११०० डी, १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनायला लागली आणि पुढे १९७४ मध्ये तिचं पद्मिनी झालं. अण्णांना हे नामांतर मान्य नाही. लग्नात मुलीचं नाव बदललं तरी माहेरचे जुन्याच नावानं हाक मारतात, तसं ते अजून 'फियाट' म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवर गिअर, पुढे सलग सीट. दाटीवाटीनं बसलं तर पुढे तिघं मावतात आणि मधल्याच्या गुडघ्यांचं जे काय व्हायचं ते होतं.

डॅशबोर्ड म्हणजे एक रंगवलेला पत्रा. त्यात स्पीडोमीटरची आडवी पट्टी, पेट्रोलचा काटा आणि अंगठ्याच्या नखाएवढे लाल दिवे. ऑइलचं प्रेशर गेलं की दिवा लागतो. पण तो लागेपर्यंत इंजिनाचं जे व्हायचं ते बहुधा होऊन गेलेलं असतं. ही सूचना नव्हे, श्रद्धांजली.

गेल्या मे महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटात, बोगद्याच्या जरा अलीकडे, बॉनेटमधून वाफ आली. आम्ही बाजूला थांबलो. शेजारून मोटारसायकलवरची पोरं 'काका, इडल्या झाल्या का?' असं विचारून गेली. अण्णा शांतपणे म्हणाले, "मला कात्रज चौकातच वास आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडी तू चालवत होतास. म्हटलं, तुलाही आला असेल."

अण्णा ८२ वर्षांचे आहेत. त्यांनी चाळीस वर्षं ही गाडी कानानं, नाकानं आणि बुडानं चालवली. मला यांतलं एकही इंद्रिय वारशात मिळालेलं नाही. म्हणून मी ठरवलं की आपण काटे बसवायचे. ऑइल प्रेशरचा एक, इंजिनच्या तापमानाचा एक आणि बॅटरीच्या व्होल्टचा एक. इंजिनचे फेरे दाखवणारा चौथाही मनात होता, पण अण्णांनी "का? ते किती फिरतंय ते तुला ऐकू येत नाही?" एवढंच विचारलं आणि तो विषय संपला.

नाना पेठेत गेलो. दुकानदारानं विचारलं, "गाडी कुठली?" मी म्हटलं, "फियाट." त्यानं भेटायला आलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग युनिव्हर्सलच घ्यावं लागेल." युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीला नीट न बसणारं, हे मला पुढे कळलं. तीन मीटर घेतले. ऑइलचा सेंडर, म्हणजे इंजिनमधली खबर मीटरला कळवणारा तुकडा, डब्यातच होता, तापमानाचा नव्हता. तो त्यानं खालच्या खणातून वेगळा काढून दिला. "हाच लागतो का?" म्हटल्यावर म्हणाला, "चालेल." मराठीत या शब्दाइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या शब्दानं केलं असेल असं मला वाटत नाही.

मीटरचा व्यास ५२ मिलिमीटर. या जातीच्या मीटरांचं हेच माप सगळीकडे चालतं, म्हणून तेवढ्याच भोकाचा होल सॉ हवा. बोहरी आळीत गेलो.

"५० आहे, ५४ आहे."

"मला ५२ हवंय."

"५२ला काय करायचंय?"

खरं तर काहीतरी थाप मारायला हवी होती. मी खरं सांगितलं. तो हातातलं काम थांबवून म्हणाला, "फियाटच्या ओरिजिनल डॅशबोर्डला भोक? घरी विचारलंय?"

विचारलं नव्हतं. शेवटी ५०चं घेतलं. उरलेलं कानसीनं वाढवायचं ठरलं, म्हणजे त्यानं ठरवलं.

कान सोनारानंच टोचावेत असं म्हणतात. डॅशबोर्ड कोणी टोचावा याबद्दल पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही. अण्णांनी मात्र सांगितलं. ड्रिल मशिन आणि मास्किंग टेप घेऊन मी पार्किंगमध्ये उतरलो, तेव्हा ते गाडीच्या दाराला टेकून उभे होते. "माझ्या डोळ्यांदेखत नको," म्हणाले. वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्यांनी उच्चारला नाही, पण तो संपूर्ण सोसायटीला ऐकू आला.

मग तोडगा निघाला. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत तीन भोकं पाडायची आणि ती पट्टी डॅशबोर्डच्या खाली, मधोमध टांगायची. मूळ पत्र्याला धक्का नाही. मी एक रविवार त्या पट्टीवर घालवला. कानसून कानसून भोकं मोठी केली, कडा घासल्या, प्रायमर मारला, वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. इतकं सुंदर काम माझ्या हातून यापूर्वी झालं नव्हतं. तो काळा रंग लक्षात ठेवा.

दुसरा रविवार डॅशबोर्डखाली गेला. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना ती जागा समजावून सांगणं कठीण आहे. स्पीडोमीटरची केबल नाकाला लागते. वायरींचे रंग एके काळी वेगवेगळे असणार, पण चाळीस वर्षांत सगळ्या वायरी मेणचट काळ्या झाल्यात. मी तपकीर गल्लीतून हौसेनं सहा रंगांच्या वायरी आणल्या होत्या. त्या जुन्या वायरींत अशा दिसत होत्या, जणू दहाव्याला कोणी पैठणी नेसून आलंय. इंजिनाकडच्या पत्र्यात आधीचंच एक भोक होतं, त्यातून वायर ढकलायची. ती पलीकडे कोणी ओढायला नसेल तर आपणच उठायचं, बॉनेट उघडायचं, ती दिसत नाही हे बघायचं आणि परत येऊन उलटं व्हायचं. हे मी अकरा वेळा केलं. सातव्या फेरीला सोसायटीचे सेक्रेटरी थांबले. त्यांना फक्त माझे पाय दिसत होते.

"कोण आहे आत?"

"मी."

"बरं वाटतंय ना?"

ऑइलचा सेंडर इंजिनमध्ये बसवला. आटे जरा सैल वाटले म्हणून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप चांगली सात-आठ वेढे गुंडाळली. तेल गळता कामा नये. ही टेपही लक्षात ठेवा.

सगळं जोडून किल्ली फिरवली. इंजिन सुरू केलंच नव्हतं, नुसती किल्ली. ऑइल प्रेशरचा काटा सरसर उजवीकडे गेला आणि १० वर जाऊन टेकला. हा मीटर दाब 'बार'मध्ये मोजतो.

"दहा बार!" मी ओरडलो.

"इंजिन बंद असताना?" अण्णा म्हणाले. "फुसका बार आहे."

बायको गॅलरीतून विचारत होती, "किती आलं?"

"दहा."

"वरचं की खालचं?"

आमच्या घरात प्रेशर म्हटलं की एवढाच प्रश्न असतो. अण्णा स्वतः बीपी मोजून घेत नाहीत, मोजलं की वाढतं असं त्यांचं म्हणणं आहे. या गाडीनं त्यांचं म्हणणं त्या दिवशी शास्त्रीय पातळीवर नेलं.

तापमानाचा काटा उलट स्वभावाचा निघाला. इंजिन अर्धा तास चालवलं, रेडिएटरला हात लावता येईना, तरी हा पन्नाशीत. खरं काय ते बघायला एकच उपाय होता. सेंडर काढला, मीटर काढला, स्कूटरची बॅटरी काढली आणि सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडलं. चहाच्या पातेल्यात पाणी, पाण्यात सेंडर, त्याच्या अंगाला एक वायर, डोक्याला एक वायर. गॅस पेटवला. बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. तिनं पातेल्याकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं आणि "आता हे पातेलं तुझं," असं म्हणून निघून गेली. तेव्हापासून ते माझं आहे.

पाणी खळखळा उकळायला लागलं. काटा ८० वर थांबला.

अण्णा चश्मा लावून वाकून बघत होते. "पुण्यात पाणी ८० ला उकळतं?"

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे पाणी शंभराच्या जरा आधी, ९८च्या आसपास उकळतं, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बाकीचे १८ अंश नाना पेठेत राहिले."

तसंच झालं होतं. सेंडर म्हणजे तापलं की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा एक तुकडा. मीटर तो रोध वाचतो आणि काटा हलवतो. पण किती ओहमला किती अंश, हे प्रत्येक घराण्याचं वेगळं. एका घराण्याचा सेंडर दुसऱ्या घराण्याच्या मीटरला दिला की दोघंही धडधाकट आणि संसार खोटा. पत्रिका न बघता 'चालेल' म्हटल्याचा परिणाम. परत नाना पेठ, परत तोच दुकानदार. या वेळी मी पातेल्याची हकीकत सांगितल्यावर त्यानं निमूटपणे मीटरच्या जोडीचा सेंडर काढून दिला. तो आधीपासून त्याच्याकडे होता.

आणि तरीही ऑइलवाला दहा बारवरच. म्हणून तिसऱ्या रविवारी मिस्त्री.

मिस्त्रींनी आधी माझी पट्टी बघितली. रंगावरून बोट फिरवलं. "रंग भारी मारलाय," म्हणाले. मी सुखावलो. "म्हणून मीटरच्या अंगाला अर्थ नाही." डॅशबोर्डखालचा स्क्रू काढून बघितला, तिथेही रंग, तो कुर्ल्याचा. मग बॉनेट उघडून सेंडरची ती पांढरी टेप बघितली आणि ते चक्क हसले. सेंडरला वेगळी अर्थाची वायर नसते. त्याचे आटे इंजिनाच्या लोखंडाला टेकतात, तोच त्याचा अर्थ. मी सात-आठ वेढे टेप गुंडाळून तो इतका बंदिस्त केला होता की त्याला जगाशी काही संबंधच उरला नव्हता. संबंध तुटला की रोध अनंत, आणि आमचा मीटर अनंताला 'दहा बार' म्हणतो.

त्यांनी टेप सोलून काढली, आटे पुसले, सेंडर परत आवळला. एक थेंब तेल गळलं नाही. नंतर खिशातून सँडपेपर काढून माझ्या काळ्या पट्टीच्या पाठीमागे, स्क्रूच्या जागी, चार ठिकाणी रंग खरवडला. मी दुसरीकडे बघितलं. मीटरच्या तीनही अर्थाच्या वायरी एकत्र करून एका बोल्टला दिल्या. टेस्ट लॅम्प पेटला.

"आता अर्थ आला," मिस्त्री म्हणाले आणि चहाला थांबले. चहा नव्या पातेल्यात झाला.

संध्याकाळी अण्णांना शेजारी बसवून चक्कर मारली. थंड असताना ऑइल ४ बार, गरम झाल्यावर २ आणि ३च्या मधे. पाणी ८५. बॅटरी १३.८. स्वारगेटच्या सिग्नलला तापमान ९० झालं तेव्हा मी खिडकी उघडली, ९२ला घाम आला, ९३ला इंजिन बंद करू का विचारलं. अण्णा म्हणाले, "वास नाहीये." सिग्नल सुटला, काटा खाली आला. पूर्वी हे सगळं त्या इंजिनाच्या पोटात गुपचूप होत असणार आणि मी मजेत शीळ घालत असणार. आता शीळ बंद आहे. रस्ता, आरसा, काटे, रस्ता, काटे, काटे. एकदा काट्यांच्या नादात स्पीडब्रेकर दिसला नाही आणि अण्णांचा गुडघा पट्टीवर आपटला. व्होल्टमीटर हलला, अण्णा नाही.

अंधार पडला होता. घराच्या गल्लीशी आलो आणि डावीकडे वळायला इंडिकेटर दिला. टिक्, टिक्, टिक्. आणि प्रत्येक टिकेला तीनही काटे एकदम खाली वाकायचे, एकदम वर यायचे. मी ब्रेक लावून बघत राहिलो. मिस्त्रींनी माझ्या तीन वायरी ज्या बोल्टला दिल्या होत्या, त्यावर इंडिकेटरचाही अर्थ होता, आणि बोल्ट चाळीस वर्षांचा.

मागून रिक्षा हॉर्न वाजवायला लागली. अण्णांनी काट्यांकडे बघून मान हलवली.

"वळ आता," म्हणाले. "सगळे नमस्कार करतायत."