कथा संपल्यावरही तिथेच थांबलेली माणसे

कोणीतरी दुसऱ्यानेच निर्माण केलेल्या पात्रांवर एखादी व्यक्ती शेकडो पाने लिहिते, त्याचा एक पैसाही घेत नाही, बहुधा त्यावर स्वतःचे खरे नावही घालत नाही आणि हे वर्षानुवर्षे करत राहते, याचे बाहेरून पाहणाऱ्याला नवल वाटते. मग ठरलेली कारणे सांगितली जातात: एकटेपणा, वास्तवापासून पळ, वय वाढूनही न सुटलेले वेड किंवा स्वतःचे काही सुचत नाही म्हणून केलेली उसनवारी. मी बरीच वर्षे फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्यांनी अशा दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिलेल्या कथा, वाचत आले आहे, थोडेफार लिहितही आले आहे, आणि यांपैकी एकही कारण मला पुरेसे वाटत नाही. एकटी माणसे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतली बहुतेक जण मालिका पाहून झाली की दुसरी मालिका लावतात. ज्याला नुसते वास्तव विसरायचे आहे, त्याला पुढची गोष्ट पुरते. फॅन मात्र त्याच गोष्टीत थांबतो. कथेने ज्याच्याकडे पाहायचे सोडून दिले त्याच्याकडे तो पाहत राहतो आणि पाहता पाहता त्या पात्राबद्दल त्याला एक प्रकारची जबाबदारी वाटू लागते. माझ्या मते खरी ओढ ती आहे.

हे नेमके कसे घडते ते पाहू. एखाद्या लांबलचक मालिकेत एक दुय्यम पात्र असते. तिसऱ्या भागात ते आपल्या मृत भावाबद्दल एकच वाक्य बोलते, समोरचा विषय बदलतो आणि पुढच्या साऱ्या भागांत त्या भावाचा उल्लेख पुन्हा येत नाही. लेखकांच्या दृष्टीने ते वाक्य त्या प्रसंगापुरते होते. बहुसंख्य प्रेक्षकांच्या ते लक्षातही राहत नाही. पण एखाद्या प्रेक्षकाच्या मनात ते रुतून बसते. हा भाऊ कसा गेला, त्या रात्री हे पात्र कोठे होते, नंतर त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली का, पाचव्या भागात ते विनाकारण चिडते त्याचा याच्याशी काही संबंध असेल का, असे प्रश्न त्याला सोडत नाहीत. तो ते प्रसंग पुन्हा पाहतो, संवाद ताडून पाहतो, तारखा जुळवतो. जर्मन समीक्षक वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेविषयी लिहिताना असे मांडले होते, की साहित्यकृतीतील रिकाम्या जागा हे तिचे न्यून नसते, वाचकाला कामाला लावणारी शक्ती त्याच जागांत असते. प्रत्येक वाचक त्या जागा मनातल्या मनात भरतच असतो. फॅन फिक्शन लिहिणारा त्या जागा कागदावर भरतो आणि इतरांना वाचायला देतो, एवढाच काय तो फरक, पण हा फरक लहान नाही. मनात भरलेली जागा धूसर राहिली तरी चालते. कागदावर भरताना त्या भावाला नाव द्यावे लागते, त्याचे वय ठरवावे लागते, तो कसा हसत असे हे ठरवावे लागते.

हे इंटरनेटमुळे आलेले खूळ आहे, असे समजणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. आर्थर कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात शेरलॉक होम्सला मारून टाकले, कारण त्यांना स्वतःला त्या पात्राचा कंटाळा आला होता. वाचकांना तो आला नव्हता. निषेधाची पत्रे आली आणि अखेर १९०३ मध्ये डॉयल यांनी होम्स जिवंत असल्याचे जाहीर करणारी कथा लिहिली. पात्र कोणाचे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. परंतु ते वाचक अजून लेखकाच्या दारात अर्जदार म्हणून उभे होते. मला अधिक महत्त्वाचा टप्पा वाटतो तो १९६० च्या दशकातला. 'स्टार ट्रेक' ही मालिका अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' नावाचे अंक काढायला सुरुवातही केली. असे अंक घरी टाइप करून, चक्रमुद्रित करून, टपालाने पाठवले जात आणि किंमत साधारणतः छपाई व टपालखर्च भागेल इतकीच असे. १९६९ मध्ये मालिका बंद पडली, पण हे अंक थांबले नाहीत. उलट पुढच्या दशकात ते वाढत गेले आणि ते काढणाऱ्यांत व त्यांत लिहिणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. अर्ज करणे संपले होते. दूरचित्रवाणीने कथा सांगायचे थांबवले, तेव्हा तिच्या प्रेक्षकांनी ती स्वतः सांगायला घेतली.

या घडामोडींचा अभ्यास करणारे हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये जे मांडले, ते आजही मला या विषयावरचे सर्वांत नेमके विवेचन वाटते. त्यांच्या मते फॅन होण्यात आकर्षण आणि वैताग या दोन्ही गोष्टी लागतात. कथेने मोहून टाकले नाही तर माणूस तिच्यापाशी थांबणार नाही, आणि तिने पूर्ण समाधान केले तर तिच्यात नवे काही लिहिण्याची गरजच त्याला भासणार नाही. मला यात एक भर घालावीशी वाटते. सगळे वैताग सारखे नसतात. कथानक फसले, शेवट घाईत उरकला, हा कारागिरीविषयीचा वैताग झाला आणि त्यातून फार तर एखादे खरमरीत परीक्षण निघते. फॅन फिक्शन ज्यातून निघते तो वैताग न्यायाविषयीचा असतो. अमुक पात्राला कथेने फसवले, तिला केवळ नायकाला दुःख व्हावे म्हणून मारले, त्याचा अपराध त्याला कधी बोलूनच दाखवू दिला नाही, त्या दोघांमधले एवढे मोठे भांडण एका विनोदावर मिटवून टाकले, अशी ती तक्रार असते. म्हणूनच मूळ कथेतला मृत्यू रद्द करणाऱ्या किंवा बिघडलेला शेवट दुरुस्त करणाऱ्या कथा, ज्यांना फॅन मंडळी 'फिक्स-इट' म्हणतात, प्रत्येक फॅनडममध्ये, म्हणजे एखाद्या कथेच्या चाहत्यांच्या समुदायात, सापडतात. त्यांना भाबडेपणा म्हणून हिणवले जाते. मी त्यांतल्या उत्तम कथा वाचल्या आहेत आणि माझा अनुभव वेगळा आहे. मेलेल्या माणसाला परत आणणे सोपे असते, पण तो परत आल्यानंतर ज्यांनी त्याचा शोक केला त्यांचे काय होते, ते त्याला क्षमा करतात का, हे लिहिणे फार अवघड असते, आणि चांगली फिक्स-इट कथा नेमकी तिथेच सुरू होते.

याच न्यायाच्या प्रश्नाचा आणखी एक भाग आहे. ज्यांना मुख्य प्रवाहातल्या कथांमध्ये स्वतःसारखे कोणी दिसत नाही, किंवा दिसले तरी हास्यास्पद वा अल्पायुषी दिसते, त्यांची फॅनडममधली उपस्थिती ठळक असण्याचे कारण मला यात दिसते. समलिंगी प्रेमाच्या कथा पडद्यावर क्वचितच येत, त्या काळात फॅन अंकांतून त्या लिहिल्या जात होत्या आणि हातोहात वाचल्या जात होत्या. एखाद्या किशोरवयीन वाचकाला स्वतःबद्दल जे घरात उच्चारता येत नाही, ते दोन ओळखीच्या पात्रांच्या तोंडी घालता येते. पात्र आधीच सर्वांच्या प्रेमातले असते, म्हणून त्याच्या आडून बोललेले सत्य ऐकून घेतले जाते. ही पळवाट आहे असे कोणी म्हणेल. मला तर उलट वाटते, की स्वतःविषयी धीराने विचार करण्याची ती पहिली सुरक्षित जागा असू शकते.

मग स्वतःचीच पात्रे का निर्माण करू नयेत, हा प्रश्न येतोच. तो विचारणारे बहुधा चांगल्या हेतूने विचारतात, पण त्यामागे असे गृहीत असते की फॅन फिक्शन ही खऱ्या लेखनाची पूर्वतयारी आहे. काहींच्या बाबतीत ती असतेही. परंतु या प्रकारात असे काही करता येते, जे स्वतंत्र कथेत करता येत नाही. वाचकाला पात्रांचा सगळा भूतकाळ ठाऊक असतो, त्यामुळे आठशे शब्दांच्या तुकड्यात, काहीही समजावून न सांगता, थेट एका जिव्हारी लागणाऱ्या क्षणात उतरता येते. पात्राने चहाचा कप डाव्या हाताने उचलला एवढे म्हटले, की उजव्या हाताला कधी काय झाले होते हे वाचकाला आपोआप आठवते. असा तयार वाचक कोणत्याही नवोदित लेखकाला दुसरीकडे मिळत नाही. शिवाय एकाच प्रसंगाच्या शंभर जणांनी लिहिलेल्या शंभर आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. पुढे काय होणार हे माहीत असूनही प्रत्येक आवृत्ती वाचावीशी वाटते, जशी ओळखीची चाल नव्या गळ्यातून ऐकावीशी वाटते. महाकाव्यांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते, तेही फॅन फिक्शनच नव्हे काय, असे विचारून. ते उदाहरण मला अर्धेच पटते. त्या कादंबरीकाराला स्वतःचे नाव, प्रकाशक आणि मानमरातब मिळतो, आणि वाचक त्याच्यापासून अंतरावर असतो. फॅन फिक्शनमध्ये लिहिणारा आणि वाचणारा एकाच बाकावर बसलेले असतात.

आणि माणूस आत आल्यावर तिथे टिकतो तो या बाकामुळे. आपल्याला वाटले होते की त्या मृत भावाबद्दलचे वाक्य जगात फक्त आपल्याच लक्षात राहिले आहे. भीत भीत कथा टाकावी आणि दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी व्यक्तीने लिहावे की मलाही ते वाक्य सोडत नव्हते, तुम्ही त्याला जे नाव दिले तेच आता माझ्यासाठी त्याचे नाव आहे. ज्याने हे अनुभवले आहे, त्याला फॅनडम म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. लेखन शिकण्याच्या दृष्टीनेही या प्रतिसादांना मोल आहे. रेबेका ब्लॅक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी ही मातृभाषा नसलेली किशोरवयीन मुले फॅन फिक्शन लिहिता लिहिता आणि वाचकांच्या सूचना घेत घेत भाषेत कशी रुळत गेली, हे दाखवले होते. सेसिलिया अरागॉन आणि केटी डेव्हिस यांनी २०१९ मधल्या आपल्या पुस्तकात असे मांडले, की येथे एकच गुरू नसतो, अनेकांच्या लहान लहान प्रतिक्रिया एकमेकींवर साचत जाऊन गुरूचे काम करतात, आणि मिळालेल्या प्रतिक्रियांची संख्या व लेखकाच्या शब्दसंपदेतील वैविध्य यांत त्यांना संबंधही आढळला. कथा प्रसिद्ध होण्याआधी ती तपासून देणाऱ्या 'बीटा रीडर'ची परंपरा तर मला विशेष आदराची वाटते. कोणी एक माणूस रात्री जागून दुसऱ्याच्या कथेतली विरामचिन्हे सुधारतो, हे पात्र असे बोलणार नाही म्हणून भांडतो, आणि त्याच्या वाट्याला आभाराची एक ओळ येते.

फॅनडममधले सगळेच चांगले असते, असे मी म्हणणार नाही. ज्या आसक्तीतून लक्ष निर्माण होते तिच्यातूनच मालकीची भावनाही निर्माण होते. कोणते पात्र कोणाबरोबर असावे यावरून माणसे एकमेकांना छळतात, कलाकारांच्या खासगी आयुष्यात शिरतात, लेखकांना धमक्या देतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच प्रेक्षक आणि पडद्यावरची व्यक्ती यांच्यातील एकतर्फी जवळिकीचे वर्णन करून ठेवले आहे. पडद्यावरच्या पात्राशी अशी जवळीक ठेवण्याने कोणाचे काही बिघडत नाही, पण ते पात्र वठवणाऱ्या जिवंत माणसावर तोच हक्क सांगितला की अन्याय होतो. न्यायाच्या भावनेतून आत आलेल्या माणसांनी हा भेद पाळलाच पाहिजे, याबाबत मी तडजोड करायला तयार नाही.

पैशाचा विषय मला अधिक गुंतागुंतीचा वाटतो. चाहत्यांच्या लेखनावर इतरांनी व्यवसाय उभा करू नये आणि कोणी मनात आणले की ते पुसून टाकता येऊ नये, या विचारातून २००७ मध्ये 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिचे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संग्रहस्थळ २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा व अद्भुतकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि आज तेथील रचनांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. तेथे जाहिराती नाहीत, काम स्वयंसेवक करतात आणि खर्च देणग्यांतून भागतो. फॅन फिक्शन लिहून नाव झालेल्या लेखकांनी पात्रांची नावे बदलून पुस्तके विकावीत याला माझा विरोध नाही, कारण लेखकालाही पोट असते. पण कोणी तिसऱ्यानेच त्या कथा छापून, बांधून विकल्या की मला संताप येतो. ज्याने लिहिले त्याने त्या फुकट दिल्या होत्या, त्या विकण्याचा अधिकार दिला नव्हता.

याच संग्रहस्थळावर एक सोय आहे, जिच्याबद्दल फॅनडममध्ये नव्याने आलेल्यांना मी आवर्जून सांगते. लेखकाला आपल्या कथेशी संबंध ठेवायचा नसेल, तर ती पुसून टाकण्याऐवजी 'अनाथ' करता येते. लेखकाचे नाव निघून जाते, कथा मात्र जागच्या जागी राहते. माणसे फॅनडम सोडतात, नोकरीला लागतात, जुन्या लेखनाची त्यांना लाज वाटू लागते, आणि मग सर्वांत आधी ते लेखन नाहीसे करावेसे वाटते. माझी त्यांना विनंती असते की ते अनाथ करा, पण पुसू नका. तुमची कथा कोणीतरी दर वर्षी एकदा परत येऊन वाचत असेल आणि तुम्हाला त्याची कल्पनाही नसेल, कारण बहुतेक वाचक प्रतिक्रिया न देता निघून जातात. आणि ज्यांनी आजवर अशा कथा मुकाट्याने वाचल्या आहेत, त्यांनी आजच त्यांतल्या एका लेखकाला कथेतले कोणते वाक्य आपल्याला सोडत नाही ते लिहून कळवावे.